पहिल्या दाताची लांबची वाट

या, असे जवळ सरकून बसा, कंदिलाची वात जरा वर करा आणि मांडीवरचं बाळही राहू द्या इथेच, कारण आजची गोष्ट त्याच्याच तोंडातली आहे. गोष्ट आहे पहिल्या दाताची. आपल्याकडे पहिला दात पुष्कळदा दिसायच्या आधी ऐकू येतो. उष्टावण होऊन थोडे दिवस झालेले असतात, आई नाहीतर आजी चमच्याने मऊ पेज भरवत असते, आणि रोज बिनबोभाट आत जाणारा चमचा एके दिवशी 'टक्' असा वाजतो. झालं, हातातली वाटी खाली ठेवून ती बाई बाळाचा ओठ हळूच खाली ओढून बघते, मग शेजारणीला हाक जाते, मग मामाला फोन जातो, आणि जो तो येऊन त्या लेकराला 'आ कर, आ कर' म्हणून भंडावून सोडतो. सगळ्यांना वाटतं दात आज आला. पण आज तो फक्त दिसला. निघाला होता तो फार आधी, आणि वाटेत त्याने काय काय ओलांडलंय ते कळलं की त्या पांढऱ्या कणीकडे बघायची नजरच बदलते.

बाळ पोटात सहा आठवड्यांचं असतं, म्हणजे बोटाच्या पेराहूनही लहान, आणि घरात अजून दोघातिघांनाच बातमी कळलेली असते, तेव्हाच त्याच्या होऊ घातलेल्या जबड्याच्या कडेने तोंडाच्या आतली नाजूक त्वचा एका रेषेत जाड व्हायला लागते आणि ठरावीक जागी खाली बुडी मारते. तिथे तिची गाठ पडते दुसऱ्याच एका जातीच्या पेशींशी, आणि त्या पेशी तिथल्या नव्हेतच बरं का. जिथे पुढे मेंदू आणि पाठीचा मज्जारज्जू व्हायचा त्याच्या काठावर त्या जन्मलेल्या, आणि तिथून मजल दरमजल करत चेहऱ्यापर्यंत आलेल्या. मग या दोघींमध्ये रसायनांच्या खाणाखुणांनी बोलणं सुरू होतं. हिने खूण करावी, तिने एक पाऊल पुढे यावं, मग तिने खूण करावी, हिने आकार बदलावा, आणि अशा बोलण्यातून ठरतं की इथे पटाशीचा दात, इथे सुळा, इथे दाढ. त्वचेकडून आलेल्या पेशी बाहेरचं चकचकीत कवच घडवतात, त्याला इनॅमल म्हणतात, आणि दुरून चालत आलेल्या पेशी आतला पिवळसर दंतिनाचा थर आणि त्याच्याही आतला जिवंत, रक्ताचा गर. चौथ्या महिन्यात कॅल्शियम आणि फॉस्फेटचे पहिले कण बसायला लागतात, आणि बाळ जन्मतं तेव्हा त्या बोळक्या तोंडात, हिरडीच्या आड, वीसच्या वीस दुधाच्या दातांचं काम सुरू झालेलं असतं.

आता यावरून एक समज आठवला. जुन्या बायका म्हणायच्या की दर बाळंतपणाला आईचा एक दात जातो, पोर तिच्या दातांतला चुना ओढून घेतं. तसं नसतं. बाळाला लागणारं कॅल्शियम आईच्या जेवणातून येतं, ते कमी पडलं तर तिच्या हाडांतून येतं, पण दाताच्या कवचातून काढून द्यायची सोय शरीराजवळ नाहीच. दिवस गेलेले असताना हिरड्या सुजतात, लवकर रक्त येतं, आंबट ओकाऱ्या होतात, दुखतं म्हणून दात घासणं कमी होतं, आणि त्यातून दात किडतात. दोष मात्र पोटातल्या जिवावर जातो. म्हणून सांगतो, बाळाच्या दातांची काळजी घ्यायची तर ती बाळ यायच्या आधी आईच्या तोंडापासून सुरू होते, आणि त्याचं आणखी एक कारण पुढे येणार आहे, ते लक्षात ठेवा.

ते कवच घडवणाऱ्या पेशींचं मला फार नवल वाटतं. दिवसाला केसाच्या जाडीहून कितीतरी पातळ असा एक थर त्या टाकतात आणि तेवढ्याच मागे सरकतात, पुन्हा थर, पुन्हा मागे, असं महिनोन् महिने, आणि जे तयार होतं ते आपल्या सगळ्या शरीरातलं सर्वांत कठीण द्रव्य, शंभरात शहाण्णव भाग निव्वळ खनिज. आणि दात हिरडीतून वर आला की त्या पेशी संपतात. हाड मोडलं तर सांधतं, कातडी फाटली तर भरून येते, पण दाताचं कवच फुटलं तर ते पुन्हा घडवायला शरीरात कोणी उरलेलं नसतं. त्यात दुधाच्या दाताचं कवच मोठ्यांच्या दाताच्या जवळजवळ निम्म्याच जाडीचं. म्हणून तिथे शिरलेली कीड वाट बघत बसत नाही. मोठ्यांच्या दातात जी गोष्ट वर्षं घेते ती इथे महिन्यांत होते.

रोजच्या या थरांत रोजची नोंद राहते. शिकागोतल्या आयझॅक शोर नावाच्या संशोधकाने १९३६ साली दुधाच्या दातांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरून एक गोष्ट सविस्तर मांडली: दाताच्या कवचात एक ठळक रेघ असते, तिच्या आतला भाग आईच्या पोटात घडलेला आणि बाहेरचा भाग जगात आल्यावर घडलेला. म्हणजे जन्माचा क्षण दातावर कोरलेला असतो. नाळ तुटली, पहिला श्वास घेतला, पोषणाची वाट बदलली, त्या सगळ्या उलथापालथीत पेशींचा हात क्षणभर अडखळला, आणि ती अडखळ कायमची राहिली. जुन्या दफनभूमींत तान्ह्या मुलांचे दात सापडतात तेव्हा अभ्यासक हीच रेघ शोधतात. ती दिसली तर ते मूल जन्मानंतर निदान काही दिवस तरी जगलं होतं हे हजार वर्षांनंतरही सांगता येतं.

दाताच्या या नोंदवहीने एकदा मोठमोठ्या राज्यकर्त्यांपुढे साक्ष दिली, तीही ऐका. १९५०च्या दशकात अमेरिका आणि रशिया उघड्या आकाशात अणुबाँबच्या चाचण्या करत होते, आणि त्या धुराळ्यातून स्ट्रॉन्शियम-९० नावाचं किरणोत्सारी द्रव्य पावसाबरोबर कुरणांवर उतरत होतं. गाय ते गवत खायची, ते दुधात उतरायचं, आणि रसायनाच्या दृष्टीने ते कॅल्शियमच्या जवळचं असल्यामुळे दूध पिणाऱ्या बाळाचं शरीर त्याला कॅल्शियम समजून दातात बसवायचं. अमेरिकेतल्या सेंट लुइस गावात लुईज रीस या डॉक्टरीणबाई आणि त्यांच्या सोबत्यांनी १९५८ साली ठरवलं की मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करायचे. शाळाशाळांतून, चर्चमधून, ग्रंथालयांतून निरोप गेले, दात पाठवणाऱ्या मुलाला छातीवर लावायला बिल्ला मिळायचा, आणि बारा वर्षांत तीन लाखांच्या आसपास दात जमले. तपासणीत दिसलं की चाचण्या वाढल्या तसं मुलांच्या दातांतलं ते विष वाढत गेलं होतं. १९६३ साली हवेतल्या, पाण्यातल्या आणि अंतराळातल्या अणुचाचण्या थांबवण्याचा करार झाला, आणि तो घडवून आणणाऱ्या लोकमतामागे या चिमुकल्या दातांचाही हात होता. एवढं सगळं ज्याच्यावर लिहिलं जातं त्याला आपण 'दुधाचाच तर दात' म्हणून सोडून देतो.

बरं, दात घडला, पण तो हाडात पुरलेला. बाहेर येतो कसा? आपल्याला वाटतं, तो खालून रेटा देऊन हिरडी कापत येतो, म्हणून बाळ रडतं. १९८०च्या दशकात सँडी मार्क्स आणि डोनाल्ड काहिल या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या पिल्लांवर एक प्रयोग केला. उगवायच्या बेतात असलेला दात त्यांनी त्याच्या भोवतालच्या नाजूक पिशवीतून काढून घेतला, त्याजागी तेवढाच धातूचा किंवा सिलिकोनचा दात ठेवला आणि जखम शिवून टाकली. तो खोटा दातसुद्धा वेळ आल्यावर उगवायला निघाला! आणि पिशवीच काढून टाकली तर खरा दातही जागचा हलेना. म्हणजे जोर दाताचा नसतोच. भोवतालची ती पिशवी वरच्या हाडाला निरोप देते, हाड विरघळवणाऱ्या पेशी बोलावून घेते आणि पालखीपुढे चोपदार वाट मोकळी करत जावा तशी दातापुढचा रस्ता मोकळा करत जाते. दुसऱ्या काही संशोधकांनी मोठ्या मुलांच्या उगवत्या दाढांवर रात्रंदिवस नजर ठेवली, तेव्हा कळलं की दात दिवसभर जवळपास जागीच असतो आणि रात्री आठपासून मध्यरात्रीपर्यंत वर सरकतो. दिवसभर हुंदडणारी पोरं अंथरुणाला पाठ टेकतात तेव्हा कुठे त्यांच्या तोंडातला हा वाटसरू वाटेला लागतो.

येण्याचा क्रमही साधारण ठरलेला. सहा ते दहा महिन्यांत खालचे मधले दोन, मग वरचे मधले दोन, मग त्यांच्या बाजूचे, वर्ष उलटल्यावर पहिल्या दाढा, दीड वर्षाच्या पुढेमागे सुळे, आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत शेवटच्या दाढा येऊन वीसचा आकडा पुरा. यात पुढेमागे फार होतं आणि ते बऱ्याचदा आईबापांकडून आलेलं असतं. वर्ष-सव्वा वर्ष झालं तरी एकही दात दिसला नाही तर मात्र दाखवून घ्यावं. वरचे दात आधी आले तर मामाला जड जातं असं आपल्याकडे म्हणतात, आणि मी असे मामा पाहिलेत की जे भाच्याचे वरचे दात दिसल्यावर देवाला नारळ फोडून आले. भाच्याचा मात्र क्रम थोडा बदललेला, एवढंच. काही बाळं, दोन-तीन हजारांत एखादं, जन्मतःच दात घेऊन येतात. फ्रान्सचा चौदावा लुई १६३८ साली असाच दात घेऊन जन्मला आणि बहात्तर वर्षं राज्य करून गेला, तेव्हा त्यात अपशकुन काही नाही. तो बहुधा खराच दुधाचा दात असतो, घाईने आलेला. फार हलत असला तर श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून डॉक्टर काढतात, नाहीतर राहू देतात. आणि नव्या बाळाच्या टाळूवर किंवा हिरडीवर पांढरे मण्यांएवढे ठिपके दिसले तर ते दात नव्हेत. ते आपले आपण काही आठवड्यांत जातात, त्यांना नखाने टोकरू नये. दात यायच्या जागी निळसर फुगवटी आली तर तीही बहुतेक वेळा दात वर आला की फुटून बसते.

आता जरा मनाला लागणारी गोष्ट सांगतो, कारण दात येण्याच्या नावावर माणसाने लेकरांचे फार हाल केलेत. सोळाव्या शतकात फ्रान्सच्या राजांचा नामांकित शल्यवैद्य होता, अँब्र्वाझ पारे. आठ महिन्यांचं एक मूल दगावलं, कारण कळेना, तेव्हा त्याने त्याच्या हिरड्या चिरून पाहिल्या आणि आत दात अगदी वर यायच्या बेतात दिसले. त्याने निष्कर्ष काढला की हिरडी फाटली नाही म्हणून मूल गेलं. आठव्या महिन्यात कुठल्याही निरोगी बाळाची हिरडी चिरली तर तेच दिसलं असतं, पण तेवढ्यावरून पुढे तीनशे वर्षं तान्ह्यांच्या हिरड्यांवर सुऱ्या चालल्या. इंग्लंड आणि वेल्समध्ये १८३९ साली पाच हजारांवर मृत्यू 'दात येणे' या कारणाखाली सरकारी दप्तरात नोंदले गेले. मग आल्या दातांच्या पुड्या, आणि त्यांत असायचा कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचा क्षार. ती पुडी घेणाऱ्या काही मुलांचे हातपाय गुलाबी होऊन सोलायचे, उजेड सहन व्हायचा नाही, ती रात्रंदिवस कण्हायची, आणि काहींचे तर दातच गळून पडायचे. कित्येक वर्षं या गुलाबी रोगाचं मूळ सापडेना. १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या योसेफ वारकानी या डॉक्टरांनी अशा मुलांच्या लघवीत पारा शोधून काढला, १९५४ साली ब्रिटनमधल्या कारखान्यांनी पुड्यांतून पारा काढला, आणि तो रोग तिथून जवळजवळ नाहीसा झाला.

आपल्याकडे टाकणखाराची लाही मधात कालवून हिरडीला चोळायची पद्धत होती, आणि अजूनही कुठे कुठे आहे. प्रेमाने करतात, म्हणून कळकळीने सांगतो, करू नका. टाकणखार म्हणजे बोरॅक्स, तो पोटात साठत गेला की बाळाला झटके येऊ शकतात; चोखणीला मध आणि बोरॅक्स लावून दिलेली अशी बाळं डॉक्टरांनी पाहिली आहेत. आणि मधात कधी कधी एका जंतूचे बीजाणू असतात, ते मोठ्यांच्या पोटात निमूट पडून राहतात, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजून त्याचं अंग लुळं पाडू शकतात, म्हणून वर्षाच्या आत मधाचं बोटसुद्धा नको. हिरडी बधिर करणारी मलमंही नकोत, आणि गळ्यात माळा, दोरे घालून त्यात काही चघळायला बांधणंही नको, त्याने गळा आवळतो. खारीक चघळायला द्यायची चाल जुनी आहे, पण तिचा तुकडा घशात अडकतो आणि तिचा गोडवा नव्या दातावर बसून राहतो. मग द्यावं काय? स्वच्छ मऊ फडकं ओलं करून थंड करावं, बर्फ करू नये, आणि ते चावायला द्यावं. धरायला सोपी, भरीव चावणी द्यावी. नाहीतर हात साबणाने धुवून बोटाने हिरडी हळू चोळावी. ज्या बोटाने मिसरी लावली ते बोट मात्र धुतल्याशिवाय बाळाच्या तोंडाजवळ नेऊ नये.

आणि ताप? जुलाब? आमच्याकडे अजून म्हणतात, 'दात येतायत, होणारच.' दात येताना बाळ किरकिरं होतं, लाळ गळते, गाल-हनुवटीला पुरळ येतं, अंग किंचित कोमट लागतं, इथपर्यंत दाताचं. १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सियस किंवा वर ताप गेला, पाण्यासारखे जुलाब झाले, की तो दाताचा हिशेब नव्हे. आईकडून मिळालेली रोगाशी लढणारी द्रव्यं सहाव्या महिन्याच्या सुमारास ओसरलेली असतात, बाळ नेमकं तेव्हाच रांगायला लागतं, वरचं अन्न सुरू होतं, जमिनीवरचं जे सापडेल ते तोंडात जातं, आणि दातही योगायोगाने त्याच दिवसांत येतात. दात समोर दिसतो, जंतू दिसत नाही, म्हणून आळ दातावर. या एका समजुतीपायी जुलाबाने सुकत चाललेली लेकरं घरात राहतात. जुलाब लागले की दूध चालू ठेवून जलसंजीवनी सुरू करायची आणि दवाखाना गाठायचा. ताप असेल तरी दवाखानाच. दाताला त्यात आणू नका.

आता तोंड साफ ठेवण्याचं. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी अँटनी व्हान लेव्हेनहूक नावाचा कापडाचा व्यापारी होता, भिंगं घासायचा त्याला भारी नाद. १६८३ साली त्याने आपल्याच दातांच्या फटीतला पांढरा मळ आपल्या भिंगाखाली धरला आणि त्यात वळवळणारे चिमुकले जीव पाहिले. मग जन्मात कधी दात न घासलेल्या एका म्हाताऱ्याचा मळ आणून पाहिला, तर त्यात जिवांची ही गर्दी! दात किडवणाऱ्या जंतूंतला मुख्य जंतू मात्र सापडायला १९२४ साल उजाडलं. लंडनमध्ये क्लार्क यांनी तो शोधला आणि त्याला नाव दिलं स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स. या जंतूची गंमत अशी की त्याला बोळक्या तोंडात नीट बिऱ्हाड करता येत नाही. हिरडीची आणि गालाची आतली त्वचा सारखी गळत आणि नवी होत असते. न गळणारी कठीण जागा त्याला हवी असते, ती मिळते पहिल्या दाताबरोबर. आणि बाळाच्या तोंडात तो येतो बहुतकरून आईच्या किंवा सांभाळणाऱ्याच्या लाळेतून. पेज गरम आहे का ते आपल्या जिभेवर बघून तोच चमचा बाळाला देणं, आपण चावून घास भरवणं, यातून तो जातो. मघाशी म्हटलं होतं ना, आईच्या दातांची काळजी घ्यायचं आणखी एक कारण आहे, ते हेच: आईच्या, आजीच्या, आजोबांच्या तोंडातली कीड आधी बरी करून घ्यावी, आणि बाळाचा चमचा बाळालाच ठेवावा.

दात यायच्या आधीपासूनच दूध पाजून झाल्यावर मलमलीचा ओला तुकडा बोटाला गुंडाळून हिरड्या हलक्या हाताने पुसाव्यात, म्हणजे तोंडही साफ राहतं आणि तोंडात कोणी हात घातलेला बाळाला सवयीचा होतो. पहिली कणी दिसली की लहान मऊ ब्रश आणि त्यावर तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, दिवसातून दोनदा. तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी. एवढीच का, त्यामागेही गोष्ट आहे. अमेरिकेतल्या कोलोराडो स्प्रिंग्ज गावी १९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचे दंतवैद्य दवाखाना थाटायला गेले, तर तिथल्या लोकांच्या दातांवर तपकिरी डाग, आणि तेच दात किडायला मात्र तयार नाहीत. तीस वर्षं त्यांनी त्या कोड्याचा पाठपुरावा केला, आणि १९३१ साली चर्चिल नावाच्या रसायनतज्ज्ञाला उत्तर सापडलं: पाण्यातलं फ्लोराइड. थोडं असलं तर कवच मजबूत करतं, जास्त झालं तर डाग पाडतं. आपल्या यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड भागांतल्या काही गावांच्या बोअरच्या पाण्यात ते मुळातच जास्त आहे, आणि नागपूरच्या नीरी संस्थेने तुरटी-चुना वापरून ते कमी करायची नलगोंडा पद्धत बसवली ती अशाच गावांच्या दुखण्यातून. तेव्हा तिथल्या आईबापांनी पेस्टबद्दल दंतवैद्याला विचारून घ्यावं, आणि तसंही पहिल्या वाढदिवसापर्यंत बाळाला एकदा दंतवैद्याकडे नेऊन आणावंच.

आणि रात्रीची बाटली. झोपेत लाळ फार कमी सुटते, आणि लाळ हीच तर तोंडातलं आम्ल धुणारी, दाताला हरवलेलं खनिज परत देणारी. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात धरून बाळ झोपलं की ते दूध वरच्या पुढच्या दातांभोवती रात्रभर साचून राहतं. गंमत बघा, खालचे पुढचे दात बहुधा वाचतात, कारण चोखताना जीभ त्यांच्यावर येते आणि लाळेच्या ग्रंथीही तिथेच उघडतात. वरचे चार मात्र उघडे पडतात. म्हणून महिन्यातून एकदा उजेडात बाळाचा वरचा ओठ उचलून बघावा. हिरडीलगत खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची पहिली खूण, आणि त्या पायरीवर ती थोपवता येते. तपकिरी व्हायची वाट बघू नये. अंगावर पाजणं यासाठी थांबवायचं कारण नाही, फक्त दात आल्यावर ते पुसत राहावेत, आणि रात्री ब्रश केल्यावर काही द्यायचंच तर पाणी द्यावं.

'पण पडणारच आहेत ना ते?' असं कोणीतरी म्हणतंच. का पडतात, ते आधी पाहू. दात एकदा घडला की वाढत नाही, आणि जबडा तर वाढतच असतो. म्हणून लहान जबड्याला लहान दातांचा एक संच आणि मोठ्या जबड्याला दुसरा, अशी सोय आहे. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात, म्हणून तर जगातल्या कितीतरी देशांत मुलं पडलेला दात उंदराच्या नावाने देतात. आपल्याकडे तो छपरावर टाकतात. पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात, हे किती जणांना ठाऊक असतं? तोवर त्यांच्यावर मूल जेवतं, त्यांच्या आधाराने बोलायला शिकतं, आणि त्यांच्या मुळांखाली वाढणाऱ्या पक्क्या दाताची जागा त्या राखून ठेवतात. वेळ आली की शरीर दुधाच्या दाताचं मूळ स्वतःच हळूहळू विरघळवतं, म्हणून पडलेला दात बिनमुळाचा दिसतो. दाढ किडून आधीच गेली तर शेजारचे दात त्या जागेवर झुकतात आणि खालून येणारा दात वाकडा येतो. आणि पडलेल्या दातातही जीव उरतो: अमेरिकेतले दंतवैद्य सोंगताओ शी यांनी आपल्या लहान मुलीच्या पडलेल्या दाताचा आतला लालसर गर पाहून तपास सुरू केला आणि २००३ साली दाखवून दिलं की त्यात मूळपेशी असतात, प्रयोगशाळेत वाढणाऱ्या.

शेवटी एक सांगतो आणि मग तुम्हाला झोपायला सोडतो. मूल सहा वर्षांचं होतं तेव्हा सगळे समोरच्या हलणाऱ्या दाताकडे बघत असतात, आणि मागे, शेवटच्या दुधाच्या दाढेच्याही पलीकडे, एक नवी मोठी दाढ गुपचूप वर येते. तिच्या जागी कुठला दात पडलेला नसतो, म्हणून घरच्यांना वाटतं हीही दुधाचीच, पडेल. ही पडायची नाही. हिच्या कवचाचा पहिला कण बसला होता बाळाच्या जन्माच्या सुमारास, इतका त्या वेळेजवळ की जन्माची ती रेघ पुष्कळदा या दाढेवरही सापडते, आणि तिला साठ-सत्तर वर्षं भाकरी चावायची आहे. तेव्हा आपल्या घरातलं कोणी सहा वर्षांचं झालं असेल तर उद्या सकाळी उजेडात त्याचं तोंड उघडून अगदी मागे बघा, ती दिसली की ब्रश तिथपर्यंत पोचवा, आणि त्याला सांगा की ही तुझी पहिली जन्मभराची दाढ आहे.